कुंडीतले दोन खिळे

घरात लहान भावाला ताप आला की आई आधी त्याच्या कपाळावर हात ठेवते. "अंग गरम लागते आहे," असे म्हणते आणि मग थर्मामीटर लावते. थर्मामीटर मात्र "गरम आहे" असे कधी म्हणत नाही. तो केवळ एक आकडा दाखवतो. १०२ दिसला तर काळजी करायची आणि ९८ दिसला तर करायची नाही, हे आपल्याला ठाऊक असते; थर्मामीटरला नसते.

उष्णता, प्रकाश, आवाज, ओलावा, हालचाल यांत होणारा बदल टिपून तो विजेच्या संकेताने कळवणाऱ्या साधनाला सेन्सर म्हणतात. मराठीत त्यासाठी 'संवेदक' असा शब्द आहे. अंधार पडताच आपोआप लागणारा दिवा, हात पुढे करताच पाणी सोडणारा नळ, आडवा धरताच चित्रही आडवे करणारा मोबाइल, या सर्वांत संवेदक असतात. असे संवेदक संगणकाला जोडून त्यांच्याकडून काम करून घेणे आता शाळेतल्या मुलांनाही जमते.

संगणकाला काम सांगायचे तर त्याला समजतील अशा आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात. आज्ञांच्या या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. पूर्वी प्रत्येक आज्ञा अक्षर अक्षर टंकलिखित करावी लागे. एखादे चिन्ह राहिले तरी सारे काम अडून बसे आणि नवशिक्याचा उत्साह तिथेच संपे. मुलांना संगणक सहज शिकता यावा म्हणून १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. पुढे या भाषेत आज्ञा देऊन मुले एका कासवाला चालवू लागली आणि त्याच्याकडून रेघा काढून घेऊ लागली. पॅपर्ट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत शिकवत असत. त्याच संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने 'स्क्रॅच' तयार केली व २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

स्क्रॅचमध्ये आज्ञा लिहायच्या नसतात. त्या रंगीत ठोकळ्यांवर आधीच लिहिलेल्या असतात. ठोकळा उचलायचा आणि दुसऱ्या ठोकळ्याला जोडायचा, एवढेच काम. ज्या आज्ञा एकमेकींना जोडता येत नाहीत, त्यांच्या ठोकळ्यांच्या कडाच एकमेकांत बसत नाहीत. म्हणजे चूक होणारच नाही असे नाही. लिहिण्यातली चूक टळते. विचारातली चूक आपली आपल्यालाच शोधावी लागते.

या ठोकळ्यांत मला सर्वांत आवडतो तो 'जर – तर – नाहीतर' हा ठोकळा. "जर पाऊस आला, तर छत्री उघड, नाहीतर मिटून ठेव." उर्दूत आपण 'अगर' आणि 'तो' वापरून असेच वाक्य बोलतो. पडद्यावर हे शब्द इंग्रजीत दिसले तरी बिचकू नका. वाक्याची घडण तुमच्या ओळखीचीच आहे.

आता संवेदकाकडे वळू. ब्रिटनमध्ये बीबीसी या प्रसारण संस्थेच्या पुढाकाराने २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना 'मायक्रोबिट' नावाचे एक कार्ड मोफत देण्यात आले. हे कार्ड सुमारे पाच सेंटिमीटर लांब व चार सेंटिमीटर रुंद असते. त्यावर २५ बारीक तांबडे दिवे, दोन बटणे आणि काही संवेदक असतात. कार्ड हलले की कळते, कलले की कळते, उत्तर दिशा कोठे आहे तेही कळते. गंमत म्हणजे प्रकाश मोजण्यासाठी त्यावर वेगळा संवेदक नाही. जे दिवे प्रकाश देतात, त्यांनाच क्षणभर उलटे वापरून कार्ड प्रकाश मोजते. भारतातही २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या योजनेखाली अनेक शाळांत संवेदक आणि अशी कार्डे वापरून मुले प्रयोग करू लागली आहेत.

हे कार्ड स्क्रॅचला जोडता येते, पण तेथे मुख्यतः बटणे, हालचाल आणि कल यांचेच ठोकळे मिळतात. तापमान किंवा ओलावा मोजायचा असेल तर 'मेककोड' सोयीचे पडते. तेही ठोकळ्यांचेच आहे. पहिली आज्ञावली अगदी लहान करा. 'सतत' हा ठोकळा घ्या, त्याच्या पोटात 'आकडा दाखव' हा ठोकळा ठेवा आणि त्याच्या रिकाम्या जागेत 'तापमान' बसवा. कार्डावरचे दिवे तापमानाचा आकडा दाखवू लागतील. तो आकडा भिंतीवरच्या थर्मामीटरशी ताडून पाहा. बहुधा थोडा जास्त निघेल. कार्ड बिघडलेले नसते. त्यातला संवेदक खोलीतली हवा मोजत नाही. कार्डाच्या मुख्य चिपचे तापमान मोजतो, आणि काम करताना चिप किंचित तापते. संवेदक नेमके काय मोजतो आहे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हा प्रश्न चांगलाच सोडवला. तिच्या घरी सज्जात गुलाबाची कुंडी होती. माती कोरडी झाली की कार्डाने सांगावे, अशी तिची कल्पना होती. तिने दोन लांब खिळे मातीत एकमेकांपासून चार बोटे अंतरावर रोवले. एका खिळ्याला कार्डाची ३ व्होल्टची जागा तारेने जोडली. दुसरा खिळा 'शून्य' क्रमांकाच्या जागेला जोडला आणि तेथूनच दहा हजार ओहमचा एक रोध 'ग्राऊंड' म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला लावला. ओल्या मातीतील पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तिच्यातून वीज सहज जाते. कोरड्या मातीतून ती मोठ्या कष्टाने जाते. जितका ओलावा जास्त, तितका दुसऱ्या खिळ्याशी मिळणारा दाब जास्त. कार्ड हा दाब ० ते १०२३ या आकड्यांत सांगते. शून्य व्होल्टपासून तीन व्होल्टपर्यंतच्या अंतराचे ते १०२४ भाग करते. दोनची दहा वेळा गुणाकाराने साखळी केली की १०२४ येतात. संगणकाला दोनचे हिशेब सोपे जातात.

आज्ञावली तिने लगेच जुळवली. "जर आकडा ५०० पेक्षा कमी, तर रडका चेहरा दाखव, नाहीतर हसरा चेहरा दाखव." ५०० का? तर १०२३ चे निम्मे म्हणून. मीही "ठीक आहे" म्हणालो.

डिसेंबरचे दिवस होते. पाणी घातल्यावर आकडा ६९० येई आणि दुसऱ्याच दिवशी ४८० वर उतरे. चेहरा रडका झाला की मुलगी पाणी घाली. असे दोन-तीन आठवडे चालले आणि गुलाबाची पाने पिवळी पडू लागली. तिच्या अम्मीने मातीत एक पेर बोट घातले आणि विचारले, "एवढा चिखल कशाला केलास? थंडीत या झाडाला चौथ्या दिवशी पाणी लागते. मुळे कुजतील."

मुलगी वर्गात आली ती खट्टू होऊन. "सर, संवेदक चुकतो आहे," ती म्हणाली. पण संवेदक चुकत नव्हता. त्याने ४८० सांगितले ते खरेच होते. ४८० म्हणजे कोरडे, हे आम्ही ठरवले होते, आणि मातीला न विचारता ठरवले होते. निम्मा आकडा म्हणजे निम्मा ओलावा असा काही नियम नाही.

मग तिने उलट बाजूने सुरुवात केली. चेहऱ्यांचे ठोकळे काढून टाकले आणि केवळ आकडा दाखवायला सांगितले. रोज संध्याकाळी अम्मीने बोटाने माती पाहायची, "आज घाल" किंवा "आज नको" म्हणायचे, आणि मुलीने त्या वेळचा आकडा वहीत लिहायचा. अम्मी "आज घाल" म्हणाली त्या दिवशी आकडा ३०० च्या आसपास असे. मर्यादा ३०० ठरली. तुम्ही हा प्रयोग केलात तर तुमचा आकडा वेगळा येईल. खिळ्यांची लांबी, त्यांच्यातले अंतर आणि माती बदलली की तोही बदलतो. आकडा एखाद्या क्षणी उगाच वर-खाली होतो, म्हणून तिने दर वेळी पाच वाचने घेऊन त्यांची सरासरी काढण्याचा ठोकळाही घातला.

तरी अडचणी संपल्या नाहीत. एकदा अम्मीने कुंडीत खत घातले. दुसऱ्या दिवसापासून माती वाळत आली तरी आकडा वरच राहिला. खतातले क्षार पाण्यात मिसळले होते आणि वीज अधिक सहज वाहू लागली होती. खिळ्यांना ओलावा कळत नाही, वीज किती वाहते एवढेच कळते. अम्मीचे बोट मात्र खताने फसले नाही. पुढे खिळेही काळे पडून झिजू लागले. ओल्या मातीतून सतत वीज सोडली की धातू हळूहळू खाल्ला जातो. यावर उपाय सोपा निघाला. पहिला खिळा ३ व्होल्टऐवजी 'एक' क्रमांकाच्या जागेला जोडला. तासातून एकदा तेथे वीज द्यायची, आकडा वाचायचा आणि लगेच वीज बंद करायची. माती काही मिनिटा-मिनिटाला वाळत नाही.

आता माझी चूक सांगतो. हे सारे पाहून मला हुरूप आला. सुट्टीत वर्गातल्या कुंडीला आपोआप पाणी मिळावे म्हणून आम्ही एक लहान पंप जोडला. पंपाला कार्डाची वीज पुरत नाही, म्हणून त्याला वेगळी बॅटरी आणि मध्ये रिले लावला. (घरातल्या प्लगची वीज अशा प्रयोगात कधीही वापरू नका.) "जर आकडा ३०० पेक्षा कमी, तर पंप चालू." सुट्टीत केव्हातरी खिळ्याची तार सुटली. तार सुटली की आकडा शून्यावर येतो. कार्डाला वाटले, माती फारच कोरडी आहे. बादली रिकामी होईपर्यंत पंप चालला आणि खालच्या फळीवरची वाचनालयाची अकरा पुस्तके भिजली.

दुरुस्ती त्याच मुलीने सुचवली. तिच्या वहीत कितीही कोरड्या मातीचा आकडा १५० च्या खाली कधीच गेला नव्हता. म्हणून तिने सर्वांत वर एक नवा ठोकळा ठेवला: "जर आकडा ५० पेक्षा कमी, तर पंप बंद ठेव आणि फुलीचे चिन्ह दाखव." फुली म्हणजे तार सुटली. शिवाय पंप एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही, अशीही अट घातली. भिजलेली पुस्तके आम्ही पंख्याखाली वाळवली; त्यांची पाने अजून फुगलेली आहेत.

घरच्या कुंडीला मात्र तिने पंप लावला नाही. दर रविवारी अम्मी मातीत बोट घालते आणि मुलगी वही उघडते. परवा आकडा २९५ होता आणि अम्मी म्हणाली, "आज नको." मुलीने खिळे बाहेर काढून पाहिले, पुसले, पुन्हा रोवले. आकडा ३२० झाला.