पार्किंगच्या जागेला पाण्याचं बिल

मोटारी लावायचं एक मोठं डांबरी पटांगण डोळ्यांसमोर आणा. तिथे नळ नाही, संडास नाही. मीटरच नसल्यामुळे पाण्याचं बिलही नाही. पाऊस आला की मात्र याच पटांगणावरून लाखो लिटर पाणी गटारात जातं. शेजारी दहा मजली इमारत. तिचं छप्पर लहानसं, पण आत माणसं भरपूर, त्यामुळे पाण्याचा मीटर मोठा, आणि त्यावरून ठरणारा पावसाच्या पाण्याचा आकारही तिलाच जास्त लागतो. २०१० सालापर्यंत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात हा हिशोब असाच चालत होता, आणि त्यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं.

या शहराच्या सुमारे ६० टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून वाहतं. कोरड्या दिवशी सगळं मुकाट्याने शुद्धीकरण केंद्रात पोचतं. जोराची सर आली की वाहिनी तुंबते आणि नदी-ओढ्यांवरच्या १६४ तोंडांमधून मैल्यासकट पाणी बाहेर पडू लागतं. डेलावेअर आणि स्कूकिल या ज्या नद्यांमध्ये हे पाणी जातं, त्यांतूनच शहर पिण्याचं पाणीही उचलतं.

यावर अभियंत्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे जमिनीखाली प्रचंड बोगदे खणायचे आणि जादा पाणी त्यात कोंडायचं. फिलाडेल्फियाने २०११ मध्ये राज्य सरकारशी करार केला तो वेगळाच. पंचवीस वर्षांची मुदत, २.४ अब्ज डॉलर खर्च, आणि मुख्य भर पाणी पडेल तिथेच मुरवण्यावर. त्यासाठी मोजमापही नवं काढलं: ‘हिरवा एकर’. एक एकर फरसबंद जागेवर पडणारा पहिला एक इंच पाऊस, म्हणजे एक लाख लिटरहून थोडं जास्त पाणी, अडवण्याची सोय झाली की एक हिरवा एकर जमा. उद्दिष्ट ९,५६४ एकरांचं होतं. दहा वर्षांत दोन हजारांचा टप्पा ओलांडला गेला.

हे पाणी अडवायचं तंत्र तसं साधं आहे. पदपथाखाली लांब चर खणायचा, तो खडीने भरायचा, वर माती घालून झाडं लावायची. रस्त्यावरचं पाणी जाळीतून चरात उतरतं, खडीच्या फटींत थांबतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. उरलेलं पाणी पूर ओसरल्यावर सावकाश वाहिनीत जातं. मधल्या काळात मुळांनाही पाणी मिळतं. आपल्या शेतकऱ्याला समपातळी चर सांगावा लागत नाही, त्याला यात नवल वाटणार नाही.

घोडं अडतं ते दुसरीकडेच. पाणी एका खात्याचं, रस्ता दुसऱ्याचा, बाग तिसऱ्याची आणि शाळेचं मैदान चौथ्याचं. चर पदपथाखाली खणायचा तर पाणी खात्याला आधी रस्तेवाल्यांची मनधरणी करावी लागते. एवढंच कशाला, पाणी खात्याच्या आतच तीन चुली होत्या: गटारं तुंबून नदीत जाणारं पाणी, पावसाचं पाणी आणि पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं रक्षण. नदी एकच, पण फाइली तीन! १९९९ मध्ये खात्यातल्याच हॉवर्ड न्यूक्रुग यांच्या पुढाकाराने ही तिन्ही कामं पाणलोट कार्यालय या एका छपराखाली आली. पुढे २०११ मध्ये ते खात्याचे आयुक्त झाले. चर आणि बागांइतकीच ही कारकुनी फेररचनाही महत्त्वाची होती, असं मला वाटतं. फक्त तिचं उद्घाटन करायला कुणी जात नाही.

मग आली बिलाची पाळी. जुलै २०१० पासून, चार वर्षांच्या टप्प्यांनी, बिगरनिवासी मालमत्तांचा पावसाच्या पाण्याचा आकार मीटरवरून काढून जमिनीवर नेला. मुख्य वजन मिळालं जागा किती फरसबंद आहे याला, थोडं एकूण क्षेत्रफळाला. उंच इमारतींची बिलं उतरली. गोदामं आणि पार्किंगवाल्यांच्या हाती जड बिलं पडली आणि ओरड सुरू झाली. ती सगळीच खोटी नव्हती. मोठं अंगण असलेल्या लहान कारखानदाराचा धंदा काही अंगणावर चालत नाही. शहराने मग दरवर्षीच्या वाढीवर मर्यादा घातली, पाणी मुरवणाऱ्यांना बिलात सूट दिली आणि खासगी जागेवरच्या कामांना अनुदानही सुरू केलं. डांबर उखडणं परवडू लागलं ते तेव्हापासून.

पैशाने सगळं जमतं असंही नाही; वस्तीतल्या लोकांची साथही लागते. शहराच्या पश्चिम भागात मिल क्रीक या ओढ्याच्या नावाची वस्ती आहे, पण ओढा कुठेच दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो भुयारी गटारात कोंडला आणि वर घरं बांधली. पुढे गटार खचत गेलं, घरं पडली, भूखंड ओसाड झाले. १९९० च्या दशकात भूदृश्यरचनाकार अ‍ॅन व्हिस्टन स्पर्न यांनी तिथल्या सल्झबर्गर माध्यमिक शाळेतल्या मुलांना हाताशी धरून जुने नकाशे उलगडले. पायाखाली काय आहे ते त्या मुलांना कळलं. आज पाणी खातं मोहल्ल्यातल्या संस्थांना छोटं अनुदान देऊन पाणी मुरवणाऱ्या चर-बागांची झाडलोट सोपवतं, कारण जाळीत चिप्सची पाकिटं अडकली की हिरवा एकर कागदावरच उरतो.

हा उपाय उचलून मुंबईत ठेवता येणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तिथे एका इंचाच्या चराची काय कथा! शिवाय भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही, हे वेगळंच. पण मुंबईची ब्रिटिशकालीन गटारं तासाला २५ मिमी पावसासाठी बांधली, तेव्हा निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलं होतं. ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यजल निचरा योजनेच्या १९९३ च्या अहवालाने ही क्षमता ५० मिमी करायला सांगितलं. मधल्या काळात ती मुरवणारी जमीन आपण फरशीखाली घातली होती. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात जल कर, मलनिःसारण कर, पथकर, इतकंच काय, वृक्ष उपकरही असतो. फरसबंदीचा रकाना मात्र नसतो. म्हणून सोसायटीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय सर्वसाधारण सभेत निघतो, तेव्हा चर्चा रंगते ती लाल घ्यायचे की करडे यावर.