रानभाजी ओळखावी कशी?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की गोव्याच्या माळरानांवर आणि कुळागरांच्या कडेला रानभाज्या उगवतात. त्या ओळखायला शिकवणाऱ्या रानफेरीचा पहिला धडा हाच, की केवळ नावावर किंवा छायाचित्रावर विसंबून कोणतेही पान खाऊ नये.

टाकळ्याचेच उदाहरण घ्यावे. गोव्यात ‘तायकिळो’ म्हणून परिचित असलेली ही भाजी फणसाच्या आठळ्या घालून केली जाते. तिच्या पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असून त्यांची टोके गोलसर असतात. तिच्यासारखाच दिसणारा कासोदाही तेथेच उगवतो. त्याच्या पर्णिका संख्येने अधिक व टोकदार असतात आणि बिया विषारी असतात. शेंगांवरून दोहोंतील भेद स्पष्ट होतो. टाकळ्याची शेंग बारीक व लांब, तर कासोद्याची रुंद व चपटी असते. मात्र कोवळी भाजी खुडताना शेंगा नसतात. म्हणूनच नवशिक्याने यंदा झाड हेरून ठेवावे, पावसाळा सरताना त्याच्या शेंगा पाहाव्यात आणि ओळख पटल्यावर पुढील वर्षी भाजी खुडावी.

ओळख पटली तरी काम संपत नाही. तेरे, अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचून खाज आणतात. म्हणून ही भाजी आंबाडे किंवा कोकम घालून पूर्ण शिजवतात. ही रीत जाणणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया याच खऱ्या मार्गदर्शक होत. खुडताना केवळ कोवळे शेंडे घ्यावेत, मूळ राखावे.