शेंडा खुडल्यावर तुरीला काय कळतं?

मंडळी, आजचा विषय जरा भारदस्त छापलाय, 'वनस्पतींची वाढ : जनुकं आणि रसायनं'. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, तेव्हा सुरुवात आपल्या रानातूनच करतो.

तूर दीड महिन्याची झाली की आपल्या मानवतकडे शेंडे खुडतात. थोड्याच दिवसांत बाजूच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होतं. आता मला सांगा, वरचा शेंडा गेला हे खालच्या डोळ्यांना कळलं कसं?

1933 मध्ये थीमन आणि स्कूग यांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापला आणि त्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं. डोळे निजलेलेच राहिले! म्हणजे शेंडा ऑक्झिन खाली धाडतो, तोवर डोळे फुटत नाहीत. कोडं सुटलं असं वाटलं. पण पुढं दिसलं, की वरून येणारं हे ऑक्झिन डोळ्यांत शिरतच नाही. मग निरोप पोचवतो कोण?

इथं मोहरीच्या कुळातलं एक बारकं तण कामी आलं, अराबिडॉप्सिस. खायला ना विकायला; पण बी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत पुन्हा बी हाती येतं, आणि त्याची सगळी जनुकसंहिता 2000 मध्येच वाचून झाली. म्हणून प्रयोगशाळेत त्याला मान. त्याची काही रोपं झुडपासारखी फुटत, कारण त्यांचं एक जनुक बिघडलेलं होतं. अशा रोपाचा वरचा भाग निरोगी मुळावर कलम केला, की फांद्या पुन्हा आवरत. म्हणजे 'थांबा' हा निरोप मुळाकडूनही वर येतो. हे रसायन गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनच्या कुळातून तयार होतं. 2008 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्याची ओळख पटवली : स्ट्रायगोलॅक्टोन.

गंमत पुढंच आहे. या कुळातला पहिला पदार्थ 1966 मध्येच सापडला होता, तोही कापसाच्या मुळांतून! शोध चालला होता टारफुल्याचा. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस पिणारा तो टारफुला तुम्हाला ठाऊक आहेच. त्याचं धुळीएवढं बी मातीत दहा वर्षांहून जास्त पडून राहतं आणि मुळातून हा पदार्थ पाझरला की उगवतं.

बरं, ज्वारी आपल्या वैऱ्याला बोलावते कशाला? उत्तर 2005 मध्ये मिळालं. हाक वैऱ्याला नसतेच. मातीत स्फुरद कमी पडलं की मुळं हा पदार्थ जास्त सोडतात, तो ऐकून उपयोगी बुरशी जवळ येते आणि स्फुरद आणून देते. त्याच वेळी झाड स्वतःला बजावतं, 'फांद्या आवर, दिवस टंचाईचे आहेत.' टारफुला ही हाक चोरून ऐकतो.

बघा, रसायन एकच. डोळ्याला ते 'थांब' सांगतं, बुरशीला 'ये' म्हणतं, चोराला घर दाखवतं. अर्थ शब्दात किती आणि ऐकणाऱ्यात किती, हा आमच्या शास्त्रातला जुना वाद. तो मुळांतही चालू आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

माझे वडील म्हणायचे, टारफुला गरिबाच्याच रानात जातो. आम्ही शिकलेली पोरं हसायचो, नशिबाला दोष देतात म्हणायचो. पण ज्या रानाला वर्षानुवर्षं खत मिळत नाही, तिथं ज्वारी जास्त हाक मारते, आणि टारफुलाही जास्त माजतो. वडिलांनी बरोबर पाहिलं होतं. कारण तेवढं माहीत नव्हतं.

यावर उपाय निघतोय. ज्वारीच्या काही वाणांत एक जनुक बदललेलं आहे, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं. त्यांचं मूळ थोडा वेगळा स्ट्रायगोलॅक्टोन सोडतं. त्यानं टारफुला फारसा उगवत नाही, बुरशीला मात्र तो समजतो. असं बियाणं आपल्या हाती येईपर्यंत रानाला शेणखत द्या, आणि टारफुला फुलायच्या आत उपटा. आता तुमचे प्रश्न विचारा.