घडीतली समई

कार्तिक शुद्ध द्वितीया म्हणजेच यमद्वितीया. यमराज भगिनी यमुनेच्या घरी जेवला, ही कथा आम्ही कीर्तनातून वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु वडिलार्जित वाड्याच्या वाटणीवरून ताईचा उंबरा आम्ही स्वतः १२ वर्षे ओलांडला नव्हता. गेल्या आश्विनात नातीने जाड कागद पुढ्यात ठेवला. म्हणाली, "आजोबा, आत्याआजींसाठी उघडताच चित्र उभं राहणारं शुभेच्छापत्र करू या."

कृती सोपी आहे. १८ सें.मी. लांब व १४ सें.मी. रुंद कागद लांबीत मधोमध दुमडावा. घडीच्या कडेपासून आत, २ सें.मी. लांबीचे दोन समांतर काप द्यावेत. मधली पट्टी आत ढकलून उलट दुमडली, की पत्र उघडताच पायरी उभी राहते. तिच्या दर्शनी अंगावर, तळापासून, समईचे चित्र चिकटवावे. त्याची उंची ६ सें.मी. पुरे, फार उंच झाल्यास मिटलेल्या पत्राबाहेर ते डोकावते.

ते पत्र टपालाने न धाडता आम्हीच घेऊन गेलो. ताईने उघडले, समई उभी राहिली. क्षणभराने ती इतकेच म्हणाली, "पाटावर बस. ओवाळते."

वाचकहो, यंदा आपल्याही घरी असे एखादे पत्र अवश्य व्हावे.