अक्कलदाढेखालची नस

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर अवलंबून असते. अक्कलदाढेची मुळे कित्येकदा या नसेला खेटून असतात. दाढ काढताना ही नस दुखावली, तर ओठ बधिर होतो; बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होतो, क्वचित कुणाचा कायमचा तसाच राहतो. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही. ‘आधी ओपीजी काढून आणा’ असे डॉक्टर म्हणतात, त्यामागे ही धास्ती असते.

ओपीजीचे यंत्र डोक्याभोवती फिरून दोन्ही जबडे एकाच लांबट क्ष-किरण चित्रात दाखवते. विसाव्या शतकाच्या मध्यावर फिनलंडच्या इर्यो पाटेरो यांनी ही पद्धत विकसित केली. त्या चित्रात नसेची नळी दोन पांढऱ्या रेघांमध्ये दिसते. मूळ जिथे नळीवर येते तिथे रेघ तुटलेली, नळी अचानक वळलेली किंवा मूळ काळवंडलेले दिसले, की सर्जन सावध होतो. पण चित्र सपाट. नस मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे, जिभेकडच्या, की दोन मुळांच्या मधून गेली आहे, हे त्यातून नक्की समजत नाही.

ते सीबीसीटी सांगते. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरताना शेकडो चित्रे टिपतो आणि संगणक त्यांतून जबडा तिन्ही मितींत उभा करतो.

मग सगळ्यांचेच सीबीसीटी का काढू नये? आरव्हीजी म्हणजे एखाद्या दाताचे छोटे डिजिटल क्ष-किरण चित्र; त्याला काही मायक्रोसिव्हर्ट इतकी किरणमात्रा लागते, ओपीजीला साधारण १० ते २५. सीबीसीटीला मात्र यंत्र आणि चित्राचा आवाका पाहून काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत. निसर्गातून आपल्याला रोज सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतातच, त्यामुळे एका तपासणीला घाबरण्याचे कारण नाही. तरी विनाकारण एकही नको. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून उघड्या हातांनी क्ष-किरण हाताळले. कर्करोगाने त्यांची बोटे, मग हात गेला. आजची मात्रा त्यापुढे नगण्य आहे, पण कारणाशिवाय किरण नकोत हा नियम अशाच माणसांच्या यातनांतून आला आहे.

शिवाय, सरसकट सीबीसीटी काढल्याने नसेच्या इजा कमी होतात, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसलेले नाही. म्हणून ओपीजीत धोक्याची खूण असेल तरच पुढची पायरी, हा क्रम मला योग्य वाटतो. ‘यातून तुम्हाला काय ठरवायचे आहे?’ असे रुग्णाने बेलाशक विचारावे. दोन दातांमधली बारीक कीड पाहायची असेल, तर मोठ्या ओपीजीपेक्षा छोटे आरव्हीजी सरस ठरते. जबड्याच्या सांध्यातली चकती सरकली असेल, तर क्ष-किरण तिला दाखवतच नाहीत. तिथे एमआरआय लागतो.

अक्कलदाढेच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर कधी अगदी ठोस असते. मुळे नसेला बिलगलेली दिसली, तर काही सर्जन दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढतात आणि मुळे हाडातच राहू देतात.