समोरच्या घरातला उजेड

परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांची रोषणाई त्याच टॉवरमध्ये राहून दिसत नाही. ती दिसते समोरच्या चाळीच्या गॅलरीतून, नाहीतर शेजारच्या टॉवरच्या बेडरूममधून. ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीत ओळीनं बसवलेले एलईडी, धंद्यातल्या भाषेत ‘वॉल वॉशर’, बाहेरच्या भिंतीला लागून लावतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं तोंड वर असतं. जो प्रकाश भिंतीवर पडत नाही तो सरळ आभाळात जातो, आणि समोर वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला भिंतीऐवजी दिव्याचा उघडा डोळाच दिसतो. आतल्या रहिवाशाला याचा पत्ता नसतो. हा उजेड मुळात बाहेरच्यांनी पाहावा म्हणूनच लावलेला आहे, त्यामुळे ‘इमारत आमची, वीजबिल आमचं, तुम्हाला काय त्याचं?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ज्यांच्यासाठी रोषणाई केली, ती किती वाजेपर्यंत चालावी हे सांगण्याचा हक्कही त्यांना असला पाहिजे.

त्रास होतो म्हणजे नेमकं काय होतं, तेही नीट पाहायला हवं. स्वच्छ पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर फार तर ०.३ लक्स भरतं. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, अगदी गजबजलेल्या शहरी भागातही शेजाऱ्याच्या खिडकीवर पडणारा बाहेरचा उजेड संध्याकाळी २५ आणि उशिरा रात्री ५ लक्सच्या वर जाऊ नये. साध्या उपनगरी वस्तीसाठी हेच आकडे १० आणि २ आहेत. म्हणजे रात्रीची मर्यादा संध्याकाळच्या एकपंचमांश. पण नुसतं मोजमाप पुरत नाही, रंगही पाहावा लागतो. आपल्या दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत, ज्या चित्र पाहण्यासाठी कमी आणि दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्यासाठी जास्त उपयोगी पडतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि मग झोपेशी जोडलेलं मेलॅटोनिन कमी तयार होतं. रोषणाईत नेमका निळा आणि थंड पांढरा रंग भरपूर वापरतात. त्यात तो दर काही सेकंदांनी बदलत असेल तर आणखी वाईट. स्थिर उजेडाची माणसाला थोडीफार सवय होते. पण नजरेच्या कडेला काही हललं की लक्ष तिकडे गेल्यावाचून राहत नाही. सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट मला हीच वाटते.

‘पडदे लावा’ हा सल्ला लगेच मिळतो. मुंबईच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत जाड पडदा लावणं म्हणजे उजेडाबरोबर वाराही अडवणं. जे खिडकी उघडी ठेवून झोपतात, त्यांच्यावरच हा खर्च आणि ही घुसमट का लादायची? सुरक्षेचं कारण दिलं जातं, पण तिसाव्या मजल्यावरच्या रंगीत पट्टीनं फाटकाजवळचा अंधार कमी होत नाही. आणि विमानांसाठी लागणारे लाल दिवे वेगळे असतात, त्यांना कुणी हात लावा म्हणत नाही. शहर आधीच उजळलेलं आहे, ही हरकत जास्त वजनदार आहे. रस्त्यावरचे दिवे खरोखरच पुष्कळ उजेड देतात. पण ते चालणाऱ्याच्या कामाचे असतात आणि त्यांचा उजेड खाली पडतो. रात्री दोन वाजता भिंतीवर सरकणारा जांभळा पट्टा कुणाच्या कामाचा? दिवाळीचं म्हणाल तर आकाशकंदील मोजके दिवस असतो, त्याचा उजेडही कागदातून गाळून येतो. वर्षभर चालणाऱ्या रोषणाईशी त्याची बरोबरी करू नये.

फ्रान्समध्ये २०१३पासून इमारतींच्या दर्शनी भागावरची रोषणाई रात्री एकपर्यंत बंद करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेसाठी राखतात आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवतात. झोपणाऱ्या माणसाच्या कानाला जे संरक्षण मिळालं, ते डोळ्यांना का नको? तसा नियम येईपर्यंत सोसायट्यांना बरंच करता येईल. रोषणाईचा आराखडा बहुधा डेव्हलपर फ्लॅट विकण्यासाठी ठरवतो. सोसायटी स्थापन होऊन इमारत ताब्यात आली की मात्र बिल कॉमन मीटरवर येतं आणि निर्णयही सभासदांच्या हातात येतो. कंट्रोलरमध्ये वेळ ठरवून देता येते, बदलते रंग थांबवता येतात, तीव्रता कमी करता येते. पट्टीचं तोंड खाली वळवणं किंवा तिला आडोसा लावणं तेवढं खर्चाचं काम. बाकी सगळ्याला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो, आणि त्या सभेआधी समितीतल्या दोघांनी रात्री अकरानंतर समोरच्या घरात जाऊन आपली इमारत पाहून यावी.