अंजूरफाट्यापलीकडचा नाताळ

नारपोलीला जवळ पडणारा मोठा नाताळ वसईत साजरा होतो. यंत्रमागांच्या खडखडाटात आणि गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगेत दिवस काढणाऱ्या भिवंडीच्या या भागातून वसई फार लांब नाही. भिवंडी रोड स्थानकात दिवा–वसई मार्गावरची गाडी पकडली की खारबाव, कामण रोड, जूचंद्र ही स्थानके मागे टाकत ती वसई रोडला पोहोचते. डोंगर, भातखाचरे आणि खाडी, सगळे या थोडक्या प्रवासात दिसते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर भिवंडी आणि वसई हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. तरीही नारपोलीतल्या कित्येक कुटुंबांना वसई माहीत असते ती फक्त गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही ओळख वाढवण्यासारखी आहे.

या दिवसांत हवाही साथ देते. भातकापणी उरकलेली असते, झोडणी होऊन पेंढा रचलेला असतो आणि जमिनीकडून कोरडे वारे वाहू लागलेले असतात. थंडी बेताचीच. पहाटेचे तापमान बहुधा १५ ते २० अंशांच्या दरम्यान राहते. शेजारच्या मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने नोंदवलेला नीचांक ७.४ अंशांचा आहे आणि तोही २२ जानेवारी १९६२ इतका जुना. बर्फाचा इथे प्रश्नच नाही. पण वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळी-नारळींच्या वाड्यांत, विहिरींच्या पाण्यावर हिरव्या राहिलेल्या बागांत, सकाळी स्वेटर चढवावा असा गारवा असतो. मोगरा, चाफा आणि पानवेलींसाठी हा पट्टा नावाजलेला आहे.

वसईचा इतिहास बहुतेकांच्या शालेय पुस्तकात येऊन गेलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे धर्मसंघ आले, किल्ल्यात आणि गावोगावी चर्चे उभी राहिली. धर्मांतराच्या त्या काळात सक्ती आणि जाच झाला, हेही नाकारता येत नाही. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. भारतात जन्मलेला हा पहिला संत. त्याच्या नावाचे चर्च गास गावात आहे.

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटाशी नारपोलीच्या शेजाराचा थेट संबंध आहे. अंजूरफाटा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, त्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी साष्टी-वसईतल्या रयतेची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली आणि मोहिमेसाठी जिवाचे रान केले. १७३७ मध्ये सुरू झालेली ही मोहीम चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकून पुरी केली.

किल्ला पडल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठी फौजांनी विजयाची खूण म्हणून सोबत नेल्या, आणि वसईच्या नाताळची खरी विलक्षण गोष्ट ही आहे. भीमाशंकरच्या देवळात, नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर, वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर आजही या घंटा टांगलेल्या आहेत. नाशिकला तर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून ती सगळ्यांच्या बोलण्यात रुळली. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. एकेकाळी जी घंटा चर्चच्या मनोऱ्यावर वाजली, ती नाना फडणवीसांच्या गावात शिवालयाच्या आवारात लोकांच्या हातांनी वाजत राहिली. तिच्यावरचे चित्र कुणी खरवडले नाही, घंटा वितळवूनही टाकली नाही. लढाईत जिंकलेल्या वस्तूचा इतका आब राखला गेल्याची उदाहरणे थोडी असतील. वसईचा नाताळ पाहून आलेल्या कुटुंबाने पुढे कधी वाई किंवा नाशिक गाठले, तर मुलांना तिथली घंटा आवर्जून दाखवावी.

मराठी अमलानंतर युरोपी धर्मगुरू गेले आणि गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी इथली चर्चे सांभाळली. माणसे तीच राहिली. कादोडी बोली बोलणारे सामवेदी, ज्यांना कुपारी म्हणतात, तसेच वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन अशा अनेक समाजांतून वसईची ख्रिस्ती वस्ती घडली आहे. त्यांची आडनावे डाबरे, दिब्रिटो, लोपीस अशी असली तरी घरची भाषा मराठी किंवा तिचीच एखादी बोली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वसईची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत होऊ लागली. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचे संशोधन संत तुकारामांवर आहे. मराठीत ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणापर्यंत मागे जाते. या प्रदेशात नाताळ परका वाटत नाही, याचे मोठे कारण भाषा हे आहे.

डिसेंबर लागला की वसईच्या आळ्यांतली मुले गोठ्याच्या तयारीला लागतात. बेथलेहेमच्या ज्या गोठ्यात येशूचा जन्म झाला, त्याचा देखावा उभारण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात सुरू केली, असे मानले जाते. त्याच्याच संघाचे धर्मगुरू वसईत आले होते. पण इथल्या गोठ्याला वसईची मातीच लागते. छपराला नुकत्याच झोडलेल्या भाताचा पेंढा, खांबांना बांबू, जमिनीला रंगवलेला लाकडाचा भुसा, तळ्याच्या जागी आरसा. बेथलेहेमच्या टेकडीखाली पुष्कळदा चक्क वसईचे गाव मांडलेले असते: विहीर, रहाट, केळीची बाग, बैलगाडी. दोन-तीन आठवडे आधी पसरट भांड्यांत नाचणी किंवा गहू पेरून ठेवतात, म्हणजे सणापर्यंत गोठ्याभोवती हिरवे शेत उगवते. घटस्थापनेला घरोघरी उगवणाऱ्या धान्याची आठवण यावी असेच ते दृश्य असते.

गोठा बांधणे हे सगळ्या घराचे काम. वडीलधारे बांबू चिरून देतात, मोठी भावंडे विजेची जोडणी करतात, लहान मुले मेंढरे मांडतात आणि पुन्हा पुन्हा हलवतात. तरुणमंडळांचे मोठे गोठे रस्त्याकडेला उभे राहतात. मरिया, योसेफ, बैल, गाढव, मेंढपाळ असे सारे जागेवर येतात. फक्त गव्हाण रिकामी ठेवतात. बाळाची मूर्ती तिथे येते ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्री. ही रिकामी गव्हाण नीट पाहिली, की आधीचे चार आठवडे कशासाठी असतात ते कळते.

या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावतात, दर रविवारी एक, आणि पहिली मेणबत्ती आशेची मानली जाते. ख्रिस्ती विचारात ही आशा म्हणजे ‘सगळे ठीक होईल’ असा नुसता दिलासा नसतो. देवाने वचन दिले आहे आणि तो ते पाळेल, या विश्वासावर आज नीट वागणे, असा तिचा अर्थ आहे. ख्रिस्तजन्माच्या कथेत धर्मशाळेत जागा न मिळालेले गरीब जोडपे आहे, रात्रपाळीला कळप राखणारे मेंढपाळ आहेत आणि शुभवार्ता पहिल्यांदा कळते ती त्या मेंढपाळांना. रात्रपाळी म्हणजे काय ते मागावर काम करणाऱ्या नारपोलीला समजावून सांगावे लागत नाही. कॅथलिक चर्चने २०२५ हे ज्युबिली वर्ष ‘आशेचे यात्रेकरू’ या सूत्राखाली पाळले, तेव्हा हाच अर्थ पुन्हा पुढे आला.

वसईत ही आशा चर्चच्या भिंतीबाहेरही दिसली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. वसईच्या वाड्या आणि विहिरी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचेही ते अग्रणी होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

२४ तारखेच्या रात्री पापडी, निर्मळ, नंदाखाल, रेमेदी, सांडोर, आगाशी अशा ठिकाणच्या चर्चमध्ये माणूस मावत नाही. अनेक ठिकाणी मिस्सा उघड्या पटांगणातच होते. नवे कपडे, शाली, पेंगुळलेली मुले, मराठी गीते, आणि बारा वाजले की घंटानाद. दुसऱ्या दिवशी नातलगांकडे जाणे-येणे असते आणि शेजारी फराळाचे ताट पाठवले जाते, हिंदू घरीही. ताटात केक असतो, करंज्या, नानखटाई, कलकल असतात. जेवणाला आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे आणि त्यांच्याबरोबर इंद्याल हे मांसाचे झणझणीत कालवण. संध्याकाळी सुरूची बाग, भुईगाव, राजोडीच्या किनाऱ्यांवर कुटुंबे लोटतात. पुढच्या आठवड्यात कॅरोल गाणाऱ्यांची टोळकी फिरत असतात, गोठ्यांच्या स्पर्धा होतात आणि ३१ डिसेंबरला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळून मुले वर्षाला निरोप देतात.

काही गोष्टी मात्र खटकतात. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरींचे गोडे पाणी कमी झाले, टँकर आले. कागदाच्या आणि बांबूच्या चांदण्यांची जागा प्लास्टिकच्या तयार माळांनी घेतली. थर्माकोलचे गोठे पेंढ्याच्या गोठ्यांपुढे निर्जीव दिसतात. ज्या किल्ल्यात हा सगळा इतिहास घडला, तिथल्या चर्चच्या भिंतींतून वड-पिंपळ उगवले आहेत आणि भेट देणाऱ्यांना कोणते चर्च कोणते हे समजेल अशी माहिती फारशी मिळत नाही. भिवंडीकडून यायचे तर दिवा–वसई मार्गावरच्या गाड्या मोजक्या, आणि अंजूरफाटा–चिंचोटी रस्ता अवजड वाहनांनी कायम झिजलेला. एवढ्या जवळच्या दोन गावांना जोडणाऱ्या या मार्गावर सणाच्या आठवड्यात तरी जादा गाड्या सोडायला हव्यात.

नाताळच्या रात्री जाणे न जमल्यास निराश होण्याचे कारण नाही. गोठे लगेच मोडत नाहीत. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा सरेपर्यंत ते पाहता येतात. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून घ्यावी, मिस्सा चालू असताना चर्चमध्ये छायाचित्रे काढू नयेत, आणि कुणाच्या अंगणातला गोठा पाहायचा असेल तर घरच्यांना विचारावे. ते बहुधा आत बोलावतात.